पिवळ्या अल्बमला दिलेलं मत

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की वाचणाऱ्यांतला कोणीतरी लगेच आपला आवडता अल्बम घेऊन माझ्याशी भांडायला उठेल, आणि हे भांडण मी एकदा पुरतं भांडून बसलोय. अमेरिकेतला बँड होता. गाणी दहा-दहा, बारा-बारा मिनिटांची. एकाच गाण्यात चार वेळा ताल बदलायचा. मेटल म्हणावं तर मध्येच पियानो वाजायचा, आणि पियानोला कान द्यावा तर पुढच्या क्षणाला डोक्यात हातोडा. कव्हरांच्या रंगावरून आम्ही त्यांच्या तीन अल्बमना तांबडा, निळा आणि पिवळा म्हणायचो. मीही तसंच म्हणतो.

पिवळा मला सौद्यात वरकड मिळाला. मी तेव्हा सुरतेत नुकताच लूमच्या खात्यातून, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातून, बाहेर पडून ग्रे, म्हणजे कोऱ्या कापडाच्या दलालीत शिरलो होतो. कुणी हात धरून शिकवलं नाही. मार्केटमध्ये दिवसभर उभं राहून, कोण किती ओरडतो आणि ओरडून झाल्यावर किती खाली येतो हे बघत शिकलो. तर जुन्या सामानाच्या बाजारात एक टू-इन-वन बघितला. विकणारा भावाला चिकटून बसला. मी म्हटलं, "बरं, तुझाच भाव. पण आतली कॅसेट वर दे."

"त्यात काही नाही साहेब, कोणीतरी इंग्रज किंचाळतोय."

"मग तुला तरी कशाला ठेवायची?"

डिंडोलीला घरी येऊन ती लावली आणि मी उठलोच नाही. का आवडली हे तेव्हा मला सांगता येत होतं आणि मी ते छाती ठोकून सांगायचो: या माणसांनी प्रत्येक आवाज सुटा ठेवलाय. सिनेमाची गाणी मला नेहमी गोधडीखालून गायल्यासारखी वाटायची. शब्द शेजारच्याला विचारावे लागायचे. इथे गिटारची प्रत्येक तार वेगळी, झांज लखलखीत, गायकाच्या तोंडातला स-श सुद्धा कळत होता. मला इंग्रजी येत नव्हतं, तरी त्याचे शब्द कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते मला ऐकू येत होतं. असं मला कुठल्याच गाण्यात ऐकू आलं नव्हतं.

त्या बँडचं आणखी काही मिळतं का म्हणून शोधत अठवागेटजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात पोचलो. दुकानदार सुरती, पन्नाशीचा, सगळे त्याला काका म्हणायचे. एल.पी.वरून, सीडीवरून कॅसेट भरून देण्याचा धंदा. रविवारी दुपारी त्याचं अर्धं शटर खाली असायचं आणि आत दोघं बसलेले असायचे. एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, वडोदऱ्याचा, चष्मा लावणारा, गाणं चालू असताना मांडीवर बोटांनी मात्रा मोजणारा. दुसरा अठवालाइन्सच्या बंगल्यातला. त्याचा मामा अमेरिकेत, आणि मामा सीडी पाठवायचा. सगळ्या सुरतेत त्या बँडच्या अस्सल सीडी बहुधा त्याच्याकडेच होत्या, आणि तो वागायचाही तसाच.

मी आत गेलो, पिवळ्याची कॅसेट दाखवली. विद्यार्थ्याने ती हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं.

"भाऊ, आ तमे सांभळो छो?" हे तुम्ही ऐकता?

सुरतेत मराठी माणसाला 'भाऊ' म्हणतात. त्यात मान किती आणि हिणवणं किती, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. मी बघितलं आणि ठरवलं.

"नाही, तव्यावर भाकरी भाजतो याच्यावर," मी म्हटलं.

काका हसले आणि मला स्टूल मिळालं.

पुढची दोन-एक वर्षं आम्ही चौघांनी त्या तीन अल्बमवर जेवढा घसा कोरडा केला तेवढा मी मार्केटमध्येही केला नसेल. बंगलेवाला तांबड्याचा. त्याचं म्हणणं, पहिला अल्बम तोच खरा, नंतर हे लोक विकले गेले. तांबड्यावरचा गायक पुढे बँड सोडून गेला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल काहीही बोलता यायचं. विद्यार्थी निळ्याचा. निळ्यावर वीस मिनिटांचं एक गाणं होतं, आणि त्यातला सात मात्रांचा भाग आला की तो डोळे मिटून असा मान डोलवायचा की मला त्याच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटायची. मी पिवळ्याचा. आणि पिवळ्याला दोघंही हसायचे.

"अरे तो रेकॉर्डच नीट झालेला नाही. ड्रम ऐका. वाटतं कोणी स्टीलची ताटं फेकतंय."

"तुमच्या निळ्यात ड्रम आहे का?" मी म्हणायचो. "मला तर वाटतं शेजारच्या गल्लीत कोणी गादी धोपटतंय."

"त्याला वजन म्हणतात, भाऊ."

"वजन? वजन मी रोज बघतो. ओला माल पण वजनदार असतो."

मला वाद घालता येतो. माझा धंदाच तो आहे. काकांनी अजून कुठलीच बाजू घेतली नव्हती, आणि मी गिऱ्हाइकावर बसावं तसा त्यांच्यावर बसलो होतो. एकेक गाणं लावायचं, एकेक तुकडा थांबवून दाखवायचा: इथे ऐका, इथे दोन गिटारी एकमेकींच्या मागे कशा धावतात, निळ्यात हे कळेल का? हळूहळू काका म्हणायला लागले की पिवळ्यात काहीतरी आहे. विद्यार्थ्याला ते झोंबलं. मला गोड वाटलं.

मग बंगलेवाल्याचं अमेरिकेला जायचं ठरलं. शिकायला, मामाकडे. सीडी सगळ्या बरोबर जाणार. काकांनी विनवलं की जायच्या आधी एकदा दे, चांगल्या टेपवर भरून ठेवतो, नाहीतर इथे पुन्हा कोण आणणार. त्याने अट घातली. आई सीडी घराबाहेर जाऊ देत नाही, तरी तो एक देईल, एक दिवसासाठी, एकच. कुठली, ते सगळ्यांनी मत देऊन ठरवायचं. पुढे सुरतेत कोणालाही हवी असेल तर काकांच्या त्या एका टेपवरून कॉपी होणार.

माझी पिवळ्याची कॅसेट तोवर इतकी वाजवून झाली होती की दुसऱ्या बाजूचा आवाज घासून घासून विरळ झाला होता. दोन ठिकाणी टेप तुटून मी नखपॉलिशने चिकटवली होती. त्या दिवसांत दुसरी मिळण्याचा कुठलाही रस्ता माझ्याकडे नव्हता. तेव्हा माझ्यासाठी ते मत म्हणजे पिवळा राहणार की जाणार एवढी गोष्ट होती. मी हिशेब केला. मी एक, काका एक. विद्यार्थी निळा, बंगलेवाला तांबडा. दोन विरुद्ध एक विरुद्ध एक. पिवळा आला, असं मी धरूनच चाललो होतो.

मत देण्याआधी एकदा तिन्ही अल्बम 'चांगल्या सिस्टीमवर' ऐकायचे म्हणून बंगलेवाल्याने घरी बोलावलं. स्पीकर कपाटाएवढे. मी धुतलेला शर्ट घालून गेलो होतो. त्याच्या आईने सरबत दिलं, माझ्या ग्लासाखाली तेवढी बशी ठेवायला विसरली, किंवा विसरली नसेल. तांबडा वाजला. निळा वाजला. विद्यार्थ्याने डोळे मिटले. मला निळा त्या कपाटांतूनही तसाच वाटला, जाड, बुजलेला. मग पिवळा लावला. तोही जरा बुजलेला वाटला, माझ्या टू-इन-वनवर होता तसा नाही. म्हणून मी उठलो आणि सिस्टीमवरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, बटण पूर्ण फिरवलं.

"आता उघडला बघा!" मी म्हटलं.

बंगलेवाल्याने दोन्ही हात कानांवर घेतले. आतल्या खोलीतून त्याची आई ओरडली. काकांनी तोंड असं केलं, जणू दाताखाली खडा आलाय. मला वाटलं, नाटकं करतात, पिवळा जिंकायला लागला म्हणून. मी बोलत राहिलो. बोलता बोलता बघतो तर विद्यार्थी आपल्या मनगटाकडे बघत होता, मग माझ्याकडे.

त्याने गाणं बंद केलं.

"भाऊ, जरा तिकडे तोंड करा."

"का?"

"करा ना. एक गंमत आहे."

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर एक डोंगराचं चित्र होतं. थोडा वेळ गेला.

"ऐकू आलं?"

"काय?"

कोणीतरी हसलं. बंगलेवाला असेल. मी वळलो. विद्यार्थ्याने हातातलं घड्याळ वर धरलं होतं, ते आकडेवालं, अलार्मचं. तो म्हणाला, "हे वाजतंय. आताही वाजतंय."

मी घड्याळाकडे बघितलं. त्यावर आकडे लुकलुकत होते. काहीही वाजत नव्हतं. म्हणजे माझ्यासाठी वाजत नव्हतं. काका माझ्याकडे बघायचं टाळत होते, म्हणून मला कळलं की खरंच वाजतंय.

"तुम्ही लूमवर होता ना?" विद्यार्थी म्हणाला. "किती वर्षं?"

मी पंधराव्या वर्षी बमरोलीच्या एका खात्यात साच्यांवर, म्हणजे लूमवर, उभा राहिलो आणि बाविसाव्या वर्षी बाहेर पडलो. बारा-बारा तासांची पाळी. आत कोणी बोलत नाही. हातांनी आणि ओठांनी बोलतात. पाणी हवं, धागा तुटला, मालक आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. कानात बोळे घालायचे नाहीत, कारण साचा बिघडला की आधी आवाज बदलतो, आणि तो ऐकला नाही तर कापड खराब, आणि कापड खराब तर पगार कापला. हे मी त्याला का सांगू? त्याला काय, परीक्षेत लिहायचं होतं?

त्याने तरीही समजावून सांगितलं. मास्तरासारखं. लूमच्या आवाजाने आधी वरचे, बारीक आवाज जातात. खालचे राहतात. म्हणून तुम्हाला निळा बुजलेला वाटतो. पिवळ्यात बारीक आवाज नको इतके वर आहेत, म्हणून तो तुम्हाला बरोबर वाटतो. "अल्बम चांगला नाही, भाऊ. तुमच्या कानाला तो फिट बसलाय, एवढंच."

"मग?"

"मग काय. तुमचा वोट कॅन्सल."

त्याने हे हसत म्हटलं. बंगलेवाला पण हसला आणि म्हणाला, मग मी पण निळाच म्हणतो, निकाल तरी लागेल. दोन विरुद्ध एक.  जे काका दोन वर्षं मला स्टूल देत होते, ते सरबताच्या ग्लासात बघत होते. मी तिथे काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. काही अहिराणीत बोललो, त्यामुळे त्यांना अर्धंच कळलं. बंगलेवाल्याची आई दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी निघालो.

घरी आलो तर बाप ओट्यावर बसला होता. तो अजून खात्यावर जात होता. मी समोर उभा राहून त्याला सगळं सांगितलं, ओरडून, आमच्याकडे सगळं ओरडूनच सांगतात. घड्याळ, भिंत, हसणं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपला घरमा कोणले ऐकू येस?"

आपल्या घरात कोणाला ऐकू येतं. एवढंच म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. मला त्याचाही राग आला. माझ्या लक्षात आलं की आमची गल्लीच्या गल्ली ओरडून बोलते, आणि बाहेरची माणसं म्हणतात हे लोक भांडखोर आहेत. आमच्याकडे टीव्हीचा आवाज तीन घरांपलीकडे जातो, आणि शेजारी तक्रार करत नाहीत, कारण शेजारीही साच्यांवर. मी हे सगळं आयुष्यभर बघत होतो आणि मला वाटत होतं की माणसं अशीच असतात.

आठवडाभर मी मार्केटमध्ये जो भेटेल त्याच्याशी वाईट वागलो. पण रागात मला डोकं चालवता येतं, किंबहुना रागातच जास्त चालतं. रविवारी मी मेडिकलमधून कापूस घेतला आणि दुकानात गेलो. सीडी आलेली होती, निळी, काचेच्या कपाटावर रुमालावर ठेवली होती, नवऱ्या मुलासारखी. बंगलेवाला नव्हता. सीडी देऊन गेला होता. काका मशीन जोडत होते, विद्यार्थी स्टुलावर. माझ्या स्टुलावर.

"काका," मी म्हटलं, "मशीन लावायच्या आधी माझा एक नमुना बघा. माल न बघता तुम्ही मला बाद केलंत."

"बेसो ने भाऊ, गरम शुं थाओ छो," काका म्हणाले. बसा ना, गरम काय होता.

मी कापसाचे चार बोळे केले, घट्ट. दोन काकांपुढे ठेवले, दोन विद्यार्थ्यापुढे. "हे कानात घाला. मग दोन्ही अल्बम ऐका. ज्या कानांनी मी ऐकतो त्या कानांनी ऐका आणि मग सांगा कुठला चांगला."

विद्यार्थ्याने बोळ्यांना हात लावला नाही. काकांनी घातले. भला माणूस होता, हे मी नाकारत नाही. मी निळ्याची विद्यार्थ्याची कॉपी लावली, मग माझी घासलेली पिवळी. काका ऐकत उभे राहिले. पिवळ्यात दोन गिटारी एकमेकींच्या मागे धावतात तिथे त्यांचं तोंड उघडं पडलं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो, गिऱ्हाइकाच्या बघतो तसा.

बोळे काढून ते म्हणाले, "वात साची छे, तुझं खरं आहे. कापसातून पिवळा उघडा आहे, निळ्यात चिखल आहे."

"झालं?" मी विद्यार्थ्याला म्हटलं.

"झालं काय?" तो म्हणाला. "गाणं कानात कापूस घालून ऐकायला केलेलं नसतं. रस्त्यावरच्या कोणालाही विचारा, कापूस काढून."

"कुठल्या रस्त्यावरच्या? तुझ्या अठवालाइन्सच्या की माझ्या डिंडोलीच्या? चल गोडादऱ्याला. चल बमरोलीला, पाळी सुटते तेव्हा. एकेकाला विचार घड्याळ वाजतंय का. तू घातलेला शर्ट ज्यांनी विणला त्यांना विचार."

"हा सुरतेचा सिंथेटिक नाही, कॉटन आहे," तो म्हणाला. आणि खरंच सांगतो, मी काउंटर ओलांडून गेलो असतो, पण काका मध्ये आले.

काकांना भांडण नको होतं. दुकान चालवायचं होतं. ते माझा हात धरून म्हणाले, "जो भाऊ, बघ, मी एक रस्ता काढतो. माझं मत पिवळ्यालाच. तुझं पण मोजू. पण मुलगा म्हणतो तेही खोटं नाही. तर असं कर, अर्धं धरू. अर्धं मत. पिवळा दीड, निळा दोन. तुझाही मान राहिला, त्याचाही."

सौद्यात अर्ध्यावर यायचं, हेच मी शिकलोय. तो शंभर म्हणाला, मी साठ म्हणालो, ऐंशीवर हात मिळवले. मी असे हजारो वेळा हात मिळवलेत, रागात, हसत, शिव्या देऊन. त्यातच घर बांधलंय. काकांनी हात पुढे केला तेव्हा माझाही हात सवयीने उठला. मग मला कळलं की ते कशाचा अर्धा भाग करतायत. पिवळा तर दीडनेही हरणारच होता. त्यांना फक्त मी हो म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं असतं तर माझ्याच तोंडाने ठरलं असतं की सात वर्षं साच्यांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं ऐकणं म्हणजे अर्धं ऐकणं.

"पूर्ण धरा," मी म्हटलं. "नाहीतर धरूच नका."

"अरे, पूर्ण धरलं तर बरोबरी होते. मग ठरवायचं कसं?"

"ते तुम्ही बघा. चिठ्ठी टाका. नाणं उडवा. हरलो तर हरलो म्हणेन."

काकांनी विद्यार्थ्याकडे बघितलं. विद्यार्थ्याने खांदे उडवले, म्हणजे नाही.  मग काकांनी निळी सीडी रुमालावरून उचलली, कडांना धरून, जपून, आणि मशीनमध्ये ठेवली. मी माझी कॅसेट काढून घेतली. बाहेर आलो तेव्हा मागून काकांचा आवाज येत होता, "भाऊ, अरे भाऊ, चहा तरी..." तो मला नीट ऐकू आला. काकांचा आवाज जाड होता.

त्या दुकानात मी पुन्हा गेलो नाही. नंतर माझं बरं चाललं, पिवळ्याची अस्सल सीडी मी स्वतःच्या पैशांनी मागवली, मोठी सिस्टीमही घेतली, आणि ट्रेबलचं बटण मला हवं तिथे असतं. पण मला अजून कुणी त्या बँडच्या अल्बमांबद्दल विचारलं, आणि म्हातारपणी कॉम्प्युटरवर असले वाद घालणारे बरेच भेटतात, की मी आधी त्या दिवशीचा निकाल दुरुस्त करून सांगतो. त्या दुकानात निळा दोन मतं घेऊन जिंकला, पिवळ्याला एक पडलं, असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. मतं दोन विरुद्ध दोन होती. बरोबरी होती.